‘तुझ्या बापाला सांगेन’

उधन्याहून जळगावला जाणारी रेल्वे नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, अमळनेर, धरणगाव करत सगळा खानदेश ओलांडते. सुरतेच्या नवागाम-डिंडोली, लिंबायत, गोडादरा या भागांतली असंख्य मराठी कुटुंबं याच गाडीनं आली. कोणी मिलमध्ये लागलं, कोणी लूमवर, कोणी एम्ब्रॉयडरीच्या खात्यात, कोणी रिंगरोडच्या साडी मार्केटात. माणसं इकडे आली, पण सोयरीक, शेत आणि भाऊबंदकी तिकडेच राहिली. पूर्वी नवागामची गोष्ट गावाला कळायला कोणीतरी लग्नाला नाहीतर कानबाईला गावी जावं लागायचं. आता समाजाच्या ग्रुपवर एखादा फोटो पडला की सुरतेच्या गल्लीत आणि गावच्या पारावर तो एकाच वेळी पाहिला जातो. ऑनलाइन छळाबद्दल इथल्या मुलांशी बोलायचं तर ही गोष्ट आधी समजून घ्यावी लागते.

पुढच्या संवादातले भाऊ आणि बाई ही कोणी विशिष्ट माणसं नाहीत. अनेक घरांत आणि शाळांत जे बोललं जातं त्यातून ती दोघं मी उभी केली आहेत. भाऊ अमळनेर तालुक्यातले, एम्ब्रॉयडरीच्या खात्यात कारागीर. बायको घरी धागा कटिंगचं काम करते. मुलगी अकरावीला, मुलगा दहावीला. बाई मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवतात. माझा कल बाईंकडे आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण भाऊंचं म्हणणं बाजूला सारून बोलणाऱ्यांचा या वस्तीत काही उपयोग नाही, असंही माझं मत आहे.

भाऊ: बाई, मी सरळ बोलणारा माणूस. माझ्या पोरीला फोनवर कोणी घाण लिहिलं तर मी आधी फोन काढून घेईन. फोनच नाही तर लिहिणारा लिहिणार कुठे?

बाई: हे तिला माहीत आहे?

भाऊ: माहीत असायलाच पाहिजे. धाक नको का?

बाई: मग ती तुम्हाला सांगणारच नाही, भाऊ. तिचा क्लासचा ग्रुप, नोट्स, स्कॉलरशिपचा फॉर्म, मैत्रिणी, सगळं त्या एका फोनात आहे. फोन गेला की शिक्षण गेलं हे तिला कळतं. शिक्षण गेलं की पुढे काय होतं तेही कळतं. वर्गातल्या दोन मुली तिनं तशा जाताना पाहिलेल्या असतात.

भाऊ: म्हणजे दोष माझा? घाण कोणीतरी करायची आणि बापानं ऐकून घ्यायचं?

बाई: दोष त्याचाच. पण तो धमकी काय देतो ते ऐका. ‘मारून टाकेन’ असं क्वचित म्हणतो. ‘तुझ्या बापाला सांगेन. समाजाच्या ग्रुपवर टाकेन.’ एवढंच म्हणतो, आणि तेवढं पुरतं. पोर त्याला भीत नाही, तुम्हाला भिते. तो तुमच्या रागावर जगतो. उद्या तुमच्या मुलीला खात्री असली की ‘बापाला कळलं तरी बाप माझ्या बाजूनं उभा राहील’, तर त्याच्या हातात काय उरलं?

भाऊ: बोलायला सोपं आहे. तुमची शाळा सुटली की तुम्ही घरी जाता. मला त्याच गल्लीत राहायचंय. पोरीचं नाव एकदा तोंडी झालं की पाहुणे परत जातात, आणि का गेले ते तोंडावर कोणी सांगत नाही. इज्जत इज्जत म्हणून आम्ही रडतो असं तुम्हाला वाटत असेल. पण बाई, आमच्याकडे दुसरी कुठली ठेव आहे? घर भाड्याचं, काम शेठच्या हातात.

हा मुद्दा खरा आहे. परक्या शहरात रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाला समाजातलं नाव अडीअडचणीला उपयोगी पडतं: उसने पैसे, भाड्याची खोली, मुलाचं काम, मुलीचं स्थळ. ‘लोक काय म्हणतील याची पर्वा करू नका’ हे अशा माणसाला सांगणं म्हणजे त्याचं काहीच न ऐकणं. बाईंनीही ते सांगितलं नाही.

बाई: ठेव आहे, मान्य. मग ती कोण चोरतंय तेही बघू. शिंदखेड्याची गौतमी पाटील तुम्हाला ठाऊक आहे.

भाऊ: तिला कोण ओळखत नाही! पण ती स्टेजवर नाचणारी. तिची आणि आमच्या पोरींची बरोबरी नको.

बाई: २०२३ च्या फेब्रुवारीत ती कपडे बदलत असताना कोणीतरी लपून चित्रण केलं आणि ते पसरवलं. राज्य महिला आयोगानं दखल घेतली, पुण्यात गुन्हा नोंदवला गेला. तेव्हा आपल्या लोकांत चर्चा कशाची होती ते आठवा. चोरून चित्रण करणाऱ्याची होती, की तिच्या नाचाची?

भाऊ: नाचाची.

बाई: बंद खोलीत कपडे बदलणाऱ्या बाईचा नाचाशी संबंध काय? पण आपल्या मुलींनी ती चर्चा ऐकली. घरात, जेवताना, तुमच्या तोंडून. त्यांनी त्यातून एवढंच घेतलं की असं काही आपल्या बाबतीत झालं तर घरात बोट आपल्याकडेच दाखवलं जाईल. ‘मला येऊन सांग’ असं तुम्ही मुलीला शंभर वेळा म्हणा, ती ते धरत नाही. दुसऱ्या मुलीबद्दल तुम्ही काय बोललात ते धरते.

भाऊ थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी दुसरी बाजू धरली.

भाऊ: ठीक. पण प्रत्येक शिवीला एवढं महत्त्व देऊन चालेल का? आम्ही खात्यात काय कमी ऐकलं? भैयांनी ऐकवलं, शेठनं ऐकवलं, आमच्या अहिराणीला गावंढळ म्हणाले. ऐकलं आणि काम केलं. आजच्या पोरांची कातडी पातळ झालीय.

बाई: तुम्हाला बोलणारे चारजण होते आणि पाळी संपली की ते बंद व्हायचे. २०२४ च्या एप्रिलमध्ये उत्तर प्रदेश बोर्डाची दहावीची पहिली आलेली मुलगी होती, सीतापूरची, साडेअठ्ठ्याण्णव टक्के. तिचा फोटो आला आणि देशभरचे लोक तिच्या चेहऱ्यावरच्या केसांवर तुटून पडले. तिला न पाहिलेले, न ओळखणारे, हजारो. एकदोन गुण कमी मिळाले असते तर बरं झालं असतं, असं ती पोर नंतर म्हणाली. बोर्डात पहिली आलेली मुलगी! तिची कातडी पातळ होती म्हणून?

भाऊ: (सावकाश) नाही. ते वाईटच झालं.

बाई: तरी तुमचं एक मी पूर्ण मानते. उत्तर देऊ नये. चिडून लिहिलेलं प्रत्येक उत्तर म्हणजे त्या पोस्टवर आणखी एक हालचाल, आणि जिथे हालचाल जास्त ती पोस्ट इन्स्टाग्राम आणखी लोकांना दाखवतं. चिडवणाऱ्याला तेच हवं असतं. मुलांना मी सांगते: ब्लॉक केलं की तो दुसऱ्या नावानं येतो, म्हणून आधी ‘रिस्ट्रिक्ट’ करून बघा. मग त्याची कॉमेंट त्याची त्यालाच दिसते, बाकी कोणाला दिसत नाही, आणि आपल्याला असं ठेवलंय हे त्याला कळतही नाही. सेटिंगमध्ये ठरावीक शब्द लपवता येतात. गावंढळ, काळी, जाडी, जातीचा शब्द, जे काही टोचतं ते तिथे घालून ठेवा.

भाऊ: म्हणजे दुर्लक्षच करायचं. मी तेच म्हणतो.

बाई: टवाळीकडे. धमकीकडे नाही. टवाळी आणि छळ या दोन गोष्टी मुलांना वेगळ्या करून दाखवाव्या लागतात. अनोळखी माणसानं एकदा वेडंवाकडं लिहिलं, सोडून द्या. तोच पुन्हा पुन्हा येतो, नको म्हटलं तरी मेसेज करतो, फोटो मागतो, फोटो बदलून नागडा करून दाखवतो, पैसे मागतो, घराचा पत्ता लिहितो, तुझ्या नावानं खोटं खातं काढतो: हे सोडून द्यायचं नाही. इथे गप्प बसलं तर तो थांबत नाही, पुढची पायरी चढतो.

भाऊ: तसं झालं तर मी पोरीला आजीकडे गावाला पाठवेन. सहा महिने फोनशिवाय राहील, सगळं विसरलं जाईल.

बाई: कॅनडात अमँडा टॉड नावाची मुलगी होती. एका माणसानं तिचा एक फोटो मिळवला आणि आणखी दाखव म्हणून धमकावत राहिला. तिनं शाळा बदलली, घर बदललं. ती जाईल तिथल्या मुलांना तो शोधायचा आणि फोटो पाठवायचा. २०१२ मध्ये, पंधराव्या वर्षी, तिनं जीव दिला. तो माणूस नेदरलँड्समध्ये बसलेला होता. त्याला कॅनडाच्या कोर्टानं दोषी ठरवलं ते २०२२ मध्ये. भाऊ, अमळनेर किती लांब आहे? आणि तिथल्या तिच्या चुलत बहिणीकडे फोन नाही का?

इथे मला एक गोष्ट मध्येच सांगायची आहे, कारण या बोलण्यात ती हटकून राहून जाते. आपण सगळं मुलींबद्दल बोलतो. मुलगाही यात सापडतो. अनोळखी ‘मुली’चा व्हिडिओ कॉल येतो, दोन मिनिटांत चित्रण होतं, आणि मग पैसे मागणारे फोन सुरू होतात. बायकी चालतो म्हणून, अडखळत बोलतो म्हणून ज्याचा रोज रील बनवला जातो तोही मुलगाच असतो. मुलगी निदान मैत्रिणीजवळ रडते. मुलगा कोणाजवळही बोलत नाही, कारण ‘मर्द असून रडतो’ हे ऐकण्यापेक्षा खात्यातून उचल घेऊन पैसे भरणं त्याला सोपं वाटतं. पैसे भरले की मागणी वाढते. मुलगा जेवेनासा झाला, फोन वाजला की दचकू लागला, पैसे मागू लागला, तर त्याला आधी शेजारी बसवून घ्यावं. जगावंसं वाटत नाही असं बोलू लागला तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो. पैसे गेले असतील तर त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी क्रमांकाला फोन करावा.

भाऊ: तक्रार तक्रार म्हणता. ठाण्यात गेलो की एक दिवसाची रोजी बुडाली. पोरीला चारचौघांत विचारणार, काय झालं, कसं झालं. आणि पोलिसांचा भरवसा काय? आपल्या महाराष्ट्रातच दोन पोरींना फेसबुकवर काही लिहिलं म्हणून उचललं होतं ना?

बाई: हो, पालघरला, नोव्हेंबर २०१२ मध्ये. एकीनं मुंबई बंदबद्दल लिहिलं, दुसरीनं ते लाइक केलं, आणि दोघींना अटक झाली. चूक होती ती. आयटी कायद्याच्या ज्या ६६-अ कलमाची त्या वेळी देशभर चर्चा झाली ते सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. म्हणून मी म्हणते की नावडती कॉमेंट आणि गुन्हा यांत फरक करा. कोणी मत मांडलं, कोणी टर उडवली, तर पोलिसांकडे पळू नका. पोलिसांच्या हाती असं हत्यार देणं आपल्याच मुलांवर उलटतं. पण पाठलाग, धमकी, खंडणी, चोरून काढलेलं चित्र यांच्यासाठी कायदा आहे. नव्या न्याय संहितेच्या ७८ व्या कलमात ऑनलाइन पाठलागही आहे. मुलगी अठराच्या आतली असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीचा कायदा, लागतो, आणि त्यात नुसता खरा फोटो नाही, बनावट फोटोची धमकीसुद्धा धरली आहे.

भाऊ: आणि चारचौघांतलं विचारणं?

बाई: पॉक्सोचं चोविसावं कलम तुम्ही ऐकलेलं नाही. मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे घ्यायचा. शक्यतो बाई अधिकाऱ्यानं, फौजदाराच्या खालच्या हुद्द्याचा नको. आणि गणवेश घालून यायचं नाही. तुमच्या दारात पोलीस आले हे गल्लीला कळू नये म्हणूनच ते लिहिलंय. मुलीचं नाव छापायला, सांगायला बंदी आहे.

भाऊ: कायद्यात लिहिलंय. होतं का तसं?

बाई: दर वेळी होतं असं मी म्हणणार नाही. म्हणून कलम माहीत असलेलं माणूस बरोबर लागतं. मी येईन. गुजरातेत बायकांसाठी १८१ अभयम हेल्पलाइन आहे, तिथे समुपदेशक बाई फोनवर बोलते, गरज पडली तर गाडी येते. मुलांसाठी १०९८ आहे. सायबर क्राइमचं सरकारी पोर्टल आहे, त्यावर बायका-मुलांबाबतच्या काही तक्रारी नाव न देताही करता येतात. छळणारा गावचा निघाला, तुम्ही सुरतेत, तरी झीरो एफआयआर इथेच नोंदवता येते. आणि फोटो हटवायला पोलिसांची वाट बघायची नसते. २०२१ च्या नियमांत कंपन्यांना चोवीस तासांची मुदत घातली गेली: कोणाचं नग्न किंवा तसं बनवलेलं चित्र असेल आणि त्या व्यक्तीनं, किंवा तिच्या वतीनं दुसऱ्या कोणी, कळवलं तर ते काढायचं.

भाऊ: एकदा पसरलं ते कसलं निघतं?

बाई: सगळं निघत नाही. व्हॉट्सॲपमधलं तर अवघडच. पण इन्स्टाग्राम, फेसबुकसारख्या ठिकाणी अडवता येतं. अठराच्या आतल्यांसाठी ‘टेक इट डाउन’ नावाची सेवा आहे. त्यात फोटो कोणाला पाठवावा लागत नाही, तो मुलीच्या फोनमध्येच राहतो. फक्त त्याची एक सांकेतिक खूण कंपन्यांना जाते आणि तोच फोटो पुन्हा कोणी चढवला तर तो ओळखला जातो. एवढंच करा: रागाच्या भरात चॅट पुसू नका. आपण आधी तेच करतो, लाज वाटते म्हणून. स्क्रीनशॉट घ्या, तारीख-वेळ दिसू द्या, आणि प्रोफाइलची लिंक उतरवून ठेवा, कारण नाव तो तासात बदलतो.

इथपर्यंत भाऊ ऐकत होते ते मुलीचा बाप म्हणून. बाईंनी पुढचं विचारलं ते त्यांना अपेक्षित नव्हतं.

बाई: आणि तुमचा मुलगा?

भाऊ: तो दहावीला आहे. तो काय करणार?

बाई: २०२२ च्या १ जानेवारीला मुस्लिम बायकांचे फोटो लावून त्यांचा ‘लिलाव’ मांडणारं ॲप निघालं. मुंबई पोलिसांनी पकडलं तेव्हा त्यात एकवीस वर्षांचा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी होता, अठरा वर्षांची मुलगी होती. आपण समजतो की असं करणारे कुठल्या वेगळ्या जातीचे राक्षस असतात. ते कोणाच्या तरी घरात जेवून, कोणाच्या तरी आईला ‘अभ्यास करतोय’ सांगून बसलेले असतात.

भाऊ: माझा पोरगा असं काही बनवणार नाही.

बाई: बनवणार नाही. पुढे पाठवेल. कानबाईच्या मिरवणुकीत मुली फुगड्या खेळतात, कोणीतरी रील काढतो, त्यावर घाणेरडं गाणं लावतो, ग्रुपवर टाकतो. वर्गातली चाळीस मुलं हसणारा चेहरा टाकतात. त्या चाळीसांना वाटतं आपण काहीच केलं नाही. पण मुलीला तो एक मुलगा दिसत नाही, चाळीस दिसतात. दुसऱ्या दिवशी ती शाळेत येत नाही, ते त्या चाळीसांमुळे. साक्री तालुक्यातलं राईनपाडा विसरलात? १ जुलै २०१८. मुलं पळवणारी टोळी आली म्हणून मेसेज फिरत होते, आणि भिक्षा मागायला आलेल्या पाच डवरी गोसाव्यांना जमावानं ठेचून मारलं. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांपैकी कितीजण त्या दिवशी राईनपाड्याला होते?

भाऊ: आमच्या मेव्हण्याचं गाव तिकडेच. (थांबून) आम्हालाही आला होता तो मेसेज. मीही पाठवला असेल.

बाई: मुलाला तेच सांगा, तुमच्या तोंडून. त्याला हेही सांगा की अठराच्या आतल्या मुलीचं तसं चित्र बनवणं गुन्हा आहे तसं पुढे पाठवणंही गुन्हा आहे. आयटी कायद्याचं ६७-ब कलम, पहिल्याच वेळी पाच वर्षांपर्यंत कैद. तो स्वतः लहान असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जाईल, पण जाईल. आणि उलटं काय करायचं तेही शिकवा. ग्रुपवर भांडायची गरज नाही. हसणारा चेहरा टाकायचा नाही, रिपोर्ट करायचं, आणि त्या मुलीला एक मेसेज: ‘मी पाहिलं, हे चुकीचं आहे, तू एकटी नाहीस.’

भाऊ: पोरं त्यालाच चिडवतील. ‘तुझी कोण लागते’ म्हणून.

बाई: चिडवतील. म्हणून एकट्याला नाही, दोघातिघांना मिळून करायला सांगते मी वर्गात. एकानं केलं तर त्याची शिकार होते, तिघांनी केलं तर बाकीचे बघतात.

भाऊ: बरं, बाई. मुलीचं मला पटलं. आज घरी जाऊन तिला सांगतो की काहीही झालं तरी फोन काढणार नाही आणि शाळा बंद करणार नाही. रात्री मात्र सगळ्यांचे फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला. माझाही.

बाई: चालेल. पण घाईनं लग्न लावणार नाही, हेही सांगा. ती मनात तेच धरून असेल.

भाऊ: सांगतो. पण पोराचं नाव घेऊन मी ठाण्यात जाणार नाही. उद्या त्यानं असलं काही पुढे पाठवलं आणि मला कळलं, तर घरात काय करायचं ते करेन. बापाच्या हातून पोराला पोलिसांत द्यायला सांगू नका.

बाई: घरात काय कराल? माराल?

भाऊ: पूर्वी मारलं असतं.

बाई: मारून तो पुढच्या वेळी जास्त लपवेल, एवढंच. त्याला घेऊन त्या मुलीच्या घरी जाल?

भाऊ: (बऱ्याच वेळानं) जाईन. तिच्या आईबापासमोर त्याला माफी मागायला लावेन. ग्रुपमधल्या बाकीच्या पोरांच्या बापांनाही बोलावेन.

बाई: जाण्याआधी मुलीला विचारा की तो समोर आलेला तिला चालेल का. ती नको म्हणाली तर तुम्ही एकटे जा. आणि बापांना बोलवाल तेव्हा तिचं नाव कोणाच्याही तोंडून निघता कामा नये, तुमच्यासुद्धा. पॉक्सोतलं प्रकरण असेल तर माफीनं ते मिटत नाही, ज्याला कळलं त्यानं कळवावंच लागतं; तेव्हा आधी मला फोन करा.

भाऊ: आणि ठाण्यात जायची वेळ आलीच तर?

बाई: तुमची सुट्टी कधी असते?

भाऊ: खातं बुधवारी बंद.

बाई: मग बुधवारी. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकेन.